डोंगरातली धाव, ओले कपडे आणि हायपोथर्मिया

पावसाळी ट्रेक आणि डोंगरातल्या धावण्याच्या स्पर्धा आता आपल्याकडेही रुळल्या आहेत. तुमच्यापैकी काहीजण विचारतात, "डॉक्टर, बर्फ नाही, मग थंडीने काय होणार?" याचं उत्तर इंग्लंडच्या डोंगरांत मिळतं.

उत्तर इंग्लंडमध्ये उघड्या, झाडं नसलेल्या डोंगराला 'फेल' म्हणतात आणि त्यावर धावणं म्हणजे फेल रनिंग. १९३२च्या जूनमध्ये केझिक गावात गेस्टहाऊस चालवणारे बॉब ग्रॅहम २४ तासांच्या आत ४२ शिखरं फिरून आले. अंतर शंभर किलोमीटरहून जास्त. अंगात हाफ पॅन्ट आणि पायजम्यावरचा सदरा, पायात टेनिसचे बूट! ही फेरी पुन्हा पूर्ण व्हायला १९६० साल उजाडलं. हा पराक्रम मोठाच, पण त्या पोशाखाचं अनुकरण मात्र कुणी करू नये.

कारण मार्च १९६४. डर्बीशायरच्या दलदलीच्या पठारांवर 'फोर इन्स' नावाची सुमारे ७० किलोमीटर चालण्याची स्पर्धा होती. पाऊस आणि जोराचा वारा यांत तीन तरुण स्काऊट दगावले. चांगले धडधाकट होते. १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेतले शरीरक्रियाशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी या मृत्यूंचा अभ्यास केला. ओल्या कपड्यांत, वाऱ्यात माणसाला व्यायाम करायला लावून त्यांनी मोजमापं घेतली. कपडे भिजले आणि वारा लागला की त्यांची ऊब जवळजवळ संपते, असं त्यांना दिसलं.

आता यातली खरी मेख पाहा. धावताना स्नायू भरपूर उष्णता तयार करतात, म्हणून ओल्या अंगानेही आपण ठीक असतो. पण थकवा आला, पोटात काही नसलं की वेग मंदावतो आणि उष्णता तयार होणंही कमी होतं. शरीरातून बाहेर जाणारी उष्णता मात्र तशीच चालू राहते. शरीराचं आतलं तापमान ३५ अंश सेल्सियसच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. माणूस अडखळतो, बोबडं बोलतो, उगाच चिडतो, हट्ट करतो. सोबत्यांना वाटतं, दमलाय. पुढे कुडकुडणं थांबतं. तो बरा झाला असं समजू नका, हे जास्त धोक्याचं लक्षण आहे. त्याला वाऱ्याच्या आडोशाला न्या, ओले कपडे काढून कोरडे घाला, शुद्धीत असेल तर गोड आणि गरम प्यायला द्या. दारू अजिबात नको.

आज ब्रिटनमधल्या लांब पल्ल्याच्या फेल शर्यतींत वॉटरप्रूफ जाकीट-पॅन्ट, टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी आणि जादा खाऊ सोबत ठेवावा लागतो. नवख्याला हे ओझं वाटतं.

मे २०२१मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारा, पाऊस आणि सोसाट्याचा वारा आला. २१ धावपटू गेले. बहुतेकांच्या अंगावर हाफ पॅन्ट आणि टी-शर्ट होता. वारारोधक जाकीट तिथे सक्तीच्या सामानात नव्हतं.