गार इंजिनची टकटक

नांदेडला आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती. हे नाव १९७४ चं, पण सगळे तिला फियाटच म्हणायचे. १९८९ च्या डिसेंबरात चोक ओढून सुरू केली की टकटक. दुसऱ्या दिवशी लातूरला लग्न! बाबा हबकले.

मिस्त्री म्हणाले, "गाडी रात्रभर इथंच ठेवा. मी आल्याशिवाय चावी फिरवायची नाही." गरम इंजिन पुरावा लपवतं. (आमच्या धंद्यात सांगायचं तर, आधी बग रिप्रोड्यूस करा.)

सकाळी त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनला टेकवला, मूठ कानाला. टॅपेटची टिकटिक वरून येते. फिलर गेज लावून गॅप सेट केली की जाते. अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन गार असताना सिलिंडरमध्ये किंचित ढिला असतो, म्हणून थडथडतो. तापून फुगला की गप्प. खरी भीती उलट्या आवाजाची. ऑइल तापून पातळ झाल्यावर वाढणारा जड ठोका म्हणजे बेअरिंग गेलं. तसंच दामटलं तर कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर!

आमचा आवाज चार मिनिटांत विरला. "पिस्टन आहे. जाऊन या, पण गार असताना रेस करू नका."

लग्न झालं. बाबांनी मात्र जाता-येता कुणाला गाणं म्हणू दिलं नाही.