सूत्रशालेंतील न्यंग स्त्रियांचें वेतन

शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं म्हैसुरास ताडपत्री पोथीवरून प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत, दुसऱ्या अधिकरणीं, सूत्राध्यक्षाचें प्रकरण आहे. विधवा, कन्या इत्यादिकांबरोबर ‘न्यंगा’ म्हणजे अपंग स्त्रियांकडूनहि त्यानें सूत कांतवून घ्यावें व घराबाहेर न पडणाऱ्यांस दासींकरवीं घरींच काम पोंचवावें, असा तेथें विधि आहे. यास कोणी केवळ दानधर्म म्हणेल. परंतु वेतन सुताचा बारीक, मध्यम वा जाड पोत पाहून ठरवावयाचें असून, तें देण्याची वेळ टाळल्यास मध्यम साहसदंड सांगितला आहे. विलंबास जेथें दंड आहे, तें दान नव्हे, देणें होय. मात्र हा विधि आहे, वृत्तांत नव्हे. तो कितपत पाळला गेला, हें एवढ्यावरून सिद्ध होत नाहीं.