तळटीप १४ : रोजगार हमी योजना

१४. लेखकाने इथे उल्लेखिलेली ‘हमी’ म्हणजे महाराष्ट्राची रोजगार हमी योजना. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने तासगाव तालुक्यातील विसापूर इथे १९६५ मध्ये झालेल्या प्रयोगात तिचे मूळ आहे. कायदा १९७७चा, अंमल २६ जानेवारी १९७९पासून. खर्चासाठी व्यवसाय कर बसवण्यात आला आणि त्याच्या उत्पन्नाइतकीच भर राज्याने घालायची, असे ठरले. योजनेसाठी गरिबांची यादी करावी लागत नसे. मजुरी कमी आणि काम अंगमेहनतीचे, त्यामुळे खरा गरजूच मातीकामावर येईल, हे गृहीत होते. १९८८ मध्ये किमान वेतन दुपटीने वाढले, त्याबरोबर योजनेची मजुरीही वाढली. मात्र प्रत्यक्ष मिळणारे काम घटले. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांनी १९९३ मध्ये दाखवले, की मागणी असूनही कामे पुरेशी काढली गेली नाहीत, म्हणजे हमी पातळ झाली. २००५च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची मर्यादा घातली. राज्याच्या कायद्यात अशी मर्यादा नव्हती. पुढील प्रकरणातील तुलना वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा. – संपा.