हवेच्या दोन वाटा

आज ज्या विषयावर बोलणार आहे, तो चारचौघांत काढण्याची आपल्याकडे पद्धत नाही. विषय आहे पोटात गेलेल्या हवेचा. झोपेत ज्याचा श्वास वारंवार अडतो, त्याला डॉक्टर एक यंत्र सुचवतात. नाकावर मुखवटा लावायचा आणि रात्रभर यंत्राने थोड्या दाबाने हवा द्यायची. ‘सीपॅप’ हे त्याचे नाव. घोरणे थांबते, श्वास मोकळा होतो. पण सुरुवातीला काही जणांचे पोट सकाळी नगाऱ्यासारखे ताणलेले असते. ढेकर, गुडगुड, बरगड्यांखाली कळ. मग ‘आपल्याला हे सोसत नाही’ असे म्हणून माणूस यंत्र कपाटावर ठेवून देतो. धोका आहे तो इथे.

मी डॉक्टर नाही. कविता लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस आहे. पण हे यंत्र वापरतो, आणि या हवेच्या मागे जुना इतिहास आहे हे वाचताना कळले. तो आपल्याला सांगावासा वाटतो.

आपल्या घशात एक तिठा आहे. नाकातोंडातून आलेली वाट तिथे फुटते. पुढे श्वासनलिका, मागे अन्ननलिका. अन्ननलिकेच्या तोंडाशी स्नायूंचे कडे असते. ते एरवी मिटलेले असते, घास गिळताना क्षणभर उघडते. आपण स्वतः श्वास घेतो तेव्हा छाती हवेला आत ओढते आणि ती मुकाट्याने फुप्फुसात जाते. पण बाहेरून कोणी हवा ढकलू लागले, की ती दुसऱ्या वाटेचे दारही ढकलून पाहते.

हे पहिल्यांदा ठळकपणे जाणवले ते बुडालेल्या माणसांना वाचवताना. 1774 मध्ये लंडनमध्ये अशा माणसांना शुद्धीवर आणण्यासाठी एक संस्था निघाली. पुढे ती रॉयल ह्यूमेन सोसायटी म्हणून प्रसिद्ध झाली. लोहाराचा असतो तसा भाता घेऊन बुडालेल्याच्या छातीत हवा भरण्याचा मार्ग तेव्हा पुढे आला. जॉन हंटर या नामांकित शल्यविशारदाने 1776 मध्ये याबद्दल एक निबंध लिहिला. त्यात एक बारीक सूचना आहे : भाता चालवताना गळ्यावरचा स्वरयंत्राचा भाग हलकेच मागे, मणक्याकडे दाबून धरावा, म्हणजे हवेने पोट व आतडी फुगणार नाहीत. म्हणजे आज ज्याची आपल्याला लाज वाटते, ती तक्रार अडीचशे वर्षांची आहे!

भाता पुढे फार टिकला नाही. जोराने हवा भरली तर फुप्फुसे फाटून जनावर मरते, हे फ्रान्समध्ये लेरॉय यांनी दाखवले आणि 1830 च्या दशकात भाता मागे पडला. 1928 मध्ये बोस्टनमध्ये ‘लोखंडी फुप्फुस’ आले. त्यात रुग्णाचे मानेखालचे शरीर पेटीत बंद असे आणि पेटीतला दाब कमी करून छाती फुगवली जाई. हवा ढकलायची नाही, ओढू द्यायची. पोटाचा प्रश्नच नव्हता. 1952 मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली, तेव्हा लोखंडी पेट्या पुरेनात. ब्यॉर्न इब्सेन या डॉक्टरांनी रुग्णांच्या गळ्याला भोक पाडून श्वासनलिकेत नळी बसवली आणि शेकडो वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रबरी पिशव्या हाताने दाबून त्यांना श्वास दिला. इथे हवा पुन्हा ढकलली गेली, पण तिठ्याच्या खालून. त्यामुळे पोट वाचले, पण गळ्याला भोक पडले.

झोपेतल्या श्वासाची गोष्टही याच भोकापाशी येऊन थांबली होती. 1965 मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी झोपेत श्वास थांबतो हे यंत्रावर नोंदवले. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट मिटते, श्वास अडतो, मेंदू दचकून जागा होतो. रात्रीतून शेकडो वेळा असे होऊ शकते. दिवसा माणूस पेंगतो, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो, गाडी चालवताना डोळा लागला तर जीवही जातो. यावर 1969 पासून खात्रीचा इलाज होता तो एकच : गळ्याला भोक. दिवसा बूच लावायचे, रात्री उघडायचे. जीव वाचे, पण आयुष्यभर ते भोक सांभाळायचे.

जून 1980 मध्ये सिडनीत डॉ. कॉलिन सलिव्हन यांच्याकडे असाच एक रुग्ण आला. त्याला ते भोक नको होते. सलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरचा पंखा उलटा वापरून नाकातून सौम्य दाबाने हवा सोडली. ती हवा घशाला आतून टेकू देऊन उघडे ठेवू लागली आणि तो माणूस शांत झोपला. एप्रिल 1981 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांचा अनुभव छापून आला. दाब होता साधारण साडेचार ते दहा सेंटिमीटर पाण्याइतका. पेल्यात दहा सेंटिमीटर खोल नळी बुडवून बुडबुडे काढायला जेवढी फुंकर लागते, तेवढाच. सुरुवातीची यंत्रे गोंगाट करत आणि मुखवटा रोज रात्री नाकाला चिकटवावा लागे. तरी रुग्णांनी ती घरी नेली, कारण पर्याय भोकाचा होता.

आता लक्षात येईल. गळ्याचे भोक टळले, म्हणून हवा पुन्हा तिठ्यावरून येऊ लागली आणि पोटाचा जुना प्रश्न परत आला. पोटातली हवा म्हणजे यंत्र बिघडल्याची खूण नव्हे, आपण दुबळे असल्याचीही नव्हे. न पडलेल्या भोकाची ती किंमत आहे, आणि ती कमी करता येते. नाकातून असाच हवेचा आधार दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचेही पोट फुगते. तिथे परिचारिका तोंडातून पोटात बारीक नळी घालून हवेला वाट करून देतात. मोठ्यांसाठी 1990 मध्ये पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी श्वास घेताना जास्त व सोडताना कमी दाब देण्याची पद्धत मांडली. 2008 मध्ये अमेरिकेत एक लहान अभ्यास प्रसिद्ध झाला. पोटात हवा जाणाऱ्यांमध्ये छातीत जळजळ, आंबट वर येणे या तक्रारी जास्त आढळल्या. म्हणजे आम्लपित्ताकडेही पाहायला हवे.

माझा अनुभव थोडक्यात सांगतो. कविसंमेलनात दुसऱ्याच्या कवितेला डुलकी लागू लागली, तेव्हा तपासणी झाली. यंत्र आले. चौथ्या दिवशी पत्नी म्हणाली, “घोरणं गेलं, आता ढेकर ऐकायचे!” डॉक्टरांनी आधी माझे नाक पाहिले. नाक चोंदले की तोंड उघडते, तोंड कोरडे पडते, माणूस वारंवार आवंढे गिळतो आणि प्रत्येक आवंढ्याबरोबर हवा आत जाते. नाकाचा उपचार झाला, मुखवटा नीट बसवला, श्वास सोडतानाचा दाब उतरवला. जेवण झोपेच्या तीन तास आधी घेऊ लागलो, सोड्याची पेये बंद केली, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच केली. रमजानमध्ये सहरीनंतर पुन्हा आडवे होणाऱ्यांनी तर भरल्या पोटाचे विशेष सांभाळावे. दिवसा जागेपणी तासभर मुखवटा लावून बसलो, त्यामुळे त्याचे भय गेले. तीन आठवड्यांत पोट पूर्ववत झाले.

दाब मात्र आपल्या मनाने कमी करू नये. कमी दाबात घसा पुन्हा मिटतो, आणि मिटलेल्या घशाने धडपडतानाही हवा गिळली जाते. कधी दाब वाढवणेही गरजेचे ठरते. ते डॉक्टरांनी यंत्रातली नोंद पाहून ठरवायचे. पोट दगडासारखे कडक झाले, उलट्या होऊ लागल्या किंवा छातीत दुखले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

ज्यांचे यंत्र आज कपाटावर धूळ खात आहे, त्यांना माझी विनंती आहे. ते खाली काढा, पण आधी डॉक्टरांना गाठून मोकळेपणाने सांगा : माझ्या पोटात हवा जाते. हंटरसाहेबांना 1776 मध्ये हे लिहिताना संकोच वाटला नाही. आपण तरी का वाटून घ्यावा?