वाकळेच्या पोटात

साखळीच्या इतिहासास सनावळीची वाण नाही. इ. स. १७८१-८२ च्या सुमारास डिचोली-सत्तरी पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली. १८५२ मध्ये दीपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला घेतला. परंतु त्या काळी साध्या घरात काय नेसत, हे दप्तरात शोधणे बहुधा व्यर्थ होय. ते शोधावयाचे तर वाकळेत.

वाकळ म्हणजे जुनेराची गोधडी. विटलेली लुगडी, धोतरांचे धड उरलेले तुकडे, शिंप्याकडच्या चिंध्या यांचे थर धावदोऱ्याने घट्ट शिवीत. ती झिजली म्हणजे टाकीत नसत; तिच्यावरच नवे जुनेर चढवीत. म्हणून सर्वांत जुने वस्त्र पोटात राहते, आणि वरच्या रंगावरून वाकळेचे वय ठरविणारा हटकून फसतो.

घाटापलीकडील हल्याळ-यल्लापूरच्या सिद्दी स्त्रियांची कवंदी याच कुळातली. सिद्दींच्या पूर्वजांपैकी कित्येकांना पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणले होते. कवंदीची शिवण कडेकडून मध्याकडे जाते. कोपऱ्यांत तिकोनी घड्यांची 'फुले' बसवितात. या कवंद्या परदेशी प्रदर्शनांत मांडल्या गेल्या. आमच्या वाकळा मात्र माळ्यावर उंदरांच्या स्वाधीन.

आमच्या घरची एक वाकळ मी उसवून पाहिली. वरचे थर गिरणीच्या कापडाचे. तळाशी हातमागाचे लाल चौकडीचे जाड सूत. पण सगळी उसवल्याने मधल्या थरांचा क्रम गेला. एकच कड उसवावयास हवी होती.