नर्सीच्या कीर्तनापासून ‘टिलिमिली’पर्यंत : कविता शिकवणाऱ्या माध्यमांचा हिंगोलीतून दिसणारा इतिहास

२० जुलै २०२०. महामारीमुळे शाळांना कुलपे होती. त्या दिवशी दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलिमिली’ ही मालिका सुरू झाली. निर्मिती एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची, आधार बालभारतीच्या पहिली ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांचा. इंटरनेटची गरज नव्हती. घरात दूरचित्रवाणी संच असला की पुरे. गणित पडद्यावर सोडवून दाखवता येते, विज्ञानाचा प्रयोग करून दाखवता येतो. पण या पुस्तकांत कविताही होत्या. मराठी शाळेत कविता शिकवण्याची रीत एकच : गुरुजी किंवा बाई एक ओळ चालीत म्हणतात, वर्ग ती मागून म्हणतो. मागून म्हणणारा वर्गच नसेल, तर कविता शिकवायची कशी?

हा प्रश्न दूरचित्रवाणीपेक्षा फार जुना आहे. तो समजून घ्यायचा तर हिंगोली जिल्ह्यातून सुरुवात करणे सोयीचे ठरते. थ्रेड थोडा लांबणार आहे, सवडीने वाचावा.

कयाधू नदीच्या काठचे नर्सी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव. काळ साधारण १२७० ते १३५०. जन्मस्थानाविषयी अभ्यासकांत वाद आहे. पंढरपूर आणि इतर काही गावांचेही दावे आहेत. मात्र गावाच्या नावालाच ‘नर्सी नामदेव’ असे रूप आले, यावरून लोकस्मृतीचा कौल कळतो. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांची कथाही याच जिल्ह्यातील औंढा नागनाथाच्या मंदिराशी जोडलेली आहे.

नामदेव जातीने शिंपी. श्रोत्यांपैकी बहुसंख्यांना अक्षरओळख नव्हती. तरीही त्यांची कविता टिकली, पसरली आणि पंजाबपर्यंत पोहोचली. १६०४ मध्ये गुरू अर्जन यांनी संकलित केलेल्या आदिग्रंथात नामदेवांची पदे आहेत. आजच्या गुरू ग्रंथसाहिबात ती ६१ मोजतात. छापखाना नाही, शाळा नाही, राजाश्रय नाही. मग हे घडले कशामुळे?

कीर्तनामुळे. कीर्तनाकडे भक्तीचा प्रकार म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. घटकाभर त्याकडे अध्यापनाची पद्धत म्हणून पाहिले तर निराळेच चित्र दिसते. वारकरी कीर्तनकार निरूपणासाठी एक अभंग निवडतो. संपूर्ण कीर्तन त्या एकाच अभंगावर. पहिले चरण म्हटले जाते, मागे उभे असलेले टाळकरी ते उचलतात, मृदंग साथ देतो. मग त्या चरणातील एकेक शब्द सोडवला जातो : हाच शब्द का, याच्या जागी दुसरा का नाही, हीच कल्पना दुसऱ्या संताने कशी मांडली. प्रमाण म्हणून इतर अभंग येतात, दृष्टान्त येतात, विनोद येतो आणि फिरून पुन्हा तेच चरण. तास-दोन तासांनी श्रोता घरी जातो, तेव्हा अभंग त्याला पाठ झालेला असतो आणि त्याचा अर्थही उलगडलेला असतो. विद्यापीठात ज्याला ‘सूक्ष्म वाचन’ म्हणतात, ते हेच. फरक इतकाच की येथे वाचता न येणारा माणूसही ते करत असे.

या पद्धतीला लेखनाची जोड नव्हती असे मात्र समजू नये. कीर्तनकारांजवळ बाडे असत : लांबट वह्या, त्यांत निवडक अभंग आणि निरूपणाच्या खुणा. या बाडांचा सविस्तर अभ्यास करणारे क्रिस्चन नोव्हेट्झके यांनी दाखवले आहे की नामदेवांच्या परंपरेत लेखन हे सादरीकरणाच्या सेवेत होते. वही गायनासाठी होती, वाचनासाठी नव्हे. आजच्या भाषेत बोलायचे तर बाड म्हणजे शिक्षकाचे टाचण.

आता काही शतके ओलांडून विसाव्या शतकात येऊ. हिंगोली तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू, कारभाराची उर्दू आणि हैदराबादच्या डेक्कन रेडिओचीही मुख्यतः उर्दूच. ‘गश्ती निशान ५३’ या कुप्रसिद्ध फर्मानाने सार्वजनिक सभांना परवानगीची अट घातलेली. पुण्या-मुंबईत १९२० च्या दशकात रविकिरण मंडळाचे कवी आपल्या कविता जाहीरपणे गाऊन दाखवत होते आणि काव्यगायन हा एक सभ्य नागरी छंद बनत होता. त्याच वेळी मराठवाड्यातील मुलाला आपल्या भाषेतील कविता शाळेत भेटण्याची शक्यता फार थोडी होती. ती भेटे कीर्तनात, भजनात आणि पहाटे जात्यावर. १९४३ मध्ये मराठवाडा साहित्य परिषद उभी राहिली, ती या पार्श्वभूमीवर. मराठी कविता शिकणे हा येथे अभिरुचीचा प्रश्न नव्हता. त्यात अस्तित्वाचा प्रश्न गुंतलेला होता.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले, पण भाषक घरी परतणे अजून बाकी होते. याच दरम्यान पुणे आकाशवाणीवर एक विलक्षण प्रयोग झाला. १ एप्रिल १९५५ पासून १९५६ च्या एप्रिलपर्यंत ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत असलेले ‘गीतरामायण’ दर आठवड्याला एक गीत याप्रमाणे प्रसारित झाले. एकूण ५६ गीते. त्या त्या आठवड्याचे गीत पुन्हा ऐकवले जाई, शब्द वृत्तपत्रांत छापून येत, लोक ते उतरवून घेत. वर्षभर चालणारा, गृहपाठासकट असा कवितेचा वर्गच होता तो. आता तारखा शेजारी ठेवून पाहा : मराठवाडा मुंबई राज्यात आला १ नोव्हेंबर १९५६ रोजी. ‘गीतरामायण’ संपून तेव्हा सहा महिने उलटले होते. परभणीला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले ते त्यानंतर सुमारे दशकभराने, १९६० च्या दशकाच्या अखेरीस.

दूरचित्रवाणीच्या बाबतीत हेच अंतर अधिक ठळक दिसते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात इस्रोने अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साह्याने ‘साइट’ प्रयोग राबवला. सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत सामुदायिक संच बसवले गेले. सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि सायंकाळी प्रौढांसाठी कार्यक्रम. निवडलेल्या भागांत पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातले तेलुगू आणि कन्नड भाषक जिल्हे होते : मेदक, महबूबनगर, गुलबर्गा, रायचूर. महाराष्ट्र यादीतच नव्हता. म्हणजे एकाच संस्थानातून निघालेल्या तीन भाषांपैकी दोघींच्या खेड्यांवर आकाशातून शिक्षण उतरले आणि तिसरी वगळली गेली. यामागे भेदभाव शोधण्याचे कारण नाही, निवड राज्यनिहाय झाली होती. पण मराठवाड्याच्या वाट्याला आलेल्या उशिरांच्या यादीत ही नोंद सहसा कोणी करत नाही.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ‘प्रतिभा आणि प्रतिमा’सारख्या कार्यक्रमाने कवी-लेखकांना पडद्यावर आणले. आकाशानंद यांचा ‘ज्ञानदीप’ त्याहून वेगळ्या वाटेने गेला. त्याच्या प्रेक्षकांनी ठिकठिकाणी ‘ज्ञानदीप मंडळे’ काढली. एकत्र बसून पाहायचे, चर्चा करायची, काही काम हाती घ्यायचे. तो कवितेचा कार्यक्रम नव्हता, तरी या इतिहासात त्याची जागा आहे. एकतर्फी माध्यमाला मागून म्हणणारे टाळकरी मिळाले, ते येथे. शिवाय ‘ज्ञानदीप’ हा शब्द मराठी कानाला थेट नामदेवांच्याच अभंगाची आठवण करून देतो. (नावाचा उगम तोच होता असा दावा येथे नाही, शब्दाचा नाद मात्र खरा.) हे सारे सुरुवातीची अनेक वर्षे मुंबई-पुण्याच्या परिसरापुरते. मराठी उपग्रह वाहिनी, म्हणजे आजची सह्याद्री, १९९४ मध्ये आली.

१९९९ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. १ मे रोजी परभणीतून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि त्याच वर्षी अल्फा मराठी ही खाजगी वाहिनी सुरू झाली. तिच्यावरचा ‘नक्षत्रांचे देणे’ हा एकेका कवीला किंवा संगीतकाराला वाहिलेला कार्यक्रम अफाट गाजला. शीर्षक आरती प्रभूंच्या संग्रहाचे. ज्यांनी कधी कवितासंग्रह विकत घेतला नव्हता अशा घरांत त्यामुळे कवींची नावे पोहोचली, हे श्रेय त्याला द्यायलाच हवे. मात्र दूरचित्रवाणीची एक खोड येथे दिसते : चाल लागलेली कविता पुढे आणि मुक्तछंद मागे. गाणे झाले की कविता लोकप्रिय होते, पण ‘हाच शब्द का’ हा कीर्तनकाराचा प्रश्न कोणी विचारत नाही. कवितेचा उत्सव झाला. तिचे अध्यापन झाले असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

शैक्षणिक बाजूने राज्याने केलेला मोठा प्रयत्न म्हणजे पुण्याची ‘बालचित्रवाणी’. स्थापना १९८४. शाळकरी मुलांसाठी मराठीतून दूरचित्रवाणी कार्यक्रम तयार करणारी ही संस्था, १९८० च्या दशकातील इन्सॅट योजनेचे अपत्य. आताच्या तिशी-चाळिशीतल्या अनेकांना तिची सकाळची वेळ आठवत असेल. २०१७ मध्ये ती बंद झाली. तीनच वर्षांनी शाळांना कुलपे लागली आणि राज्याला दूरचित्रवाणीवर शाळा भरवायची वेळ आली. इतिहासात ‘जर-तर’ला अर्थ नसतो असे म्हणतात, येथे तो मोह आवरणे कठीण आहे.

दरम्यान हिंगोलीच्या मातीतले दोन कवी माध्यमांची वाट न पाहता श्रोत्यांपर्यंत पोहोचत होते. कळमनुरी तालुक्यातील रूपूरचे फ. मुं. शिंदे : मराठीचे प्राध्यापक, मंचावर हशा पिकवता पिकवता अचानक गंभीर करणारे, २०१४ च्या सासवड साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्यांची ‘आई’ ही कविता पुस्तक न उघडलेल्या लोकांनाही ठाऊक असते. दुसरे वसमत तालुक्यातील रिधोऱ्याचे इंद्रजित भालेराव. ‘पीकपाणी’ हा त्यांचा संग्रह १९८९ चा. शेतीची भाषा, जात्यावरच्या ओवीशी नाते सांगणारी लय आणि गावोगावी प्रत्यक्ष म्हणून दाखवण्याची सवय. त्यांचे काव्यवाचन आज यूट्यूबवर सहज ऐकता येते, पण ती कविता घडली ती समोर बसलेल्या माणसांसाठी. पडद्याने तिला फक्त दूरवर नेले.

जगात इतरत्र काय घडले? जपानची एनएचके वाहिनी हायकू आणि तान्का शिकवणारे साप्ताहिक कार्यक्रम दाखवते. प्रेक्षक स्वतःच्या रचना पाठवतात, जाणकार त्यांतून निवड करून त्यांवर बोलतात. अमेरिकेत १९८८ मध्ये ‘व्हॉइसेस अँड व्हिजन्स’ ही तेरा कवींवरची मालिका सार्वजनिक दूरचित्रवाणीवर आली. २०१२ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या अल फिलरीस यांनी ‘मॉडपो’ हा आधुनिक अमेरिकन कवितेचा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा पहिल्याच फेरीत तीस हजारांहून अधिक लोकांनी नाव नोंदवले. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. व्याख्यान नाही. एका टेबलाभोवती काही विद्यार्थी बसतात आणि एकच कविता शब्दाशब्दाने उलगडतात. पाहणारे जगभरातून लिहून त्यात भर घालतात. टाळ-मृदंग सोडले तर हा प्रकार नर्सीच्या माणसाला अनोळखी वाटणार नाही.

मराठीत आज सामग्रीची वाण नाही. पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आहेत, ‘दीक्षा’ मंच आहे. मधुराणी प्रभुलकर यांच्या ‘कवितेचं पान’सारख्या यूट्यूब मालिकेने कवितेला निवांत वेळ दिला. ‘टिलिमिली’नेही घरच्या, परिसरातल्या वस्तूंच्या साह्याने, घरच्यांना सोबत घेऊन शिकण्यावर भर दिला होता, रिकाम्या वर्गाच्या जागी घरालाच वर्ग करण्याचा तो प्रयत्न होता. दुसऱ्या टोकाला कीर्तनकारांच्या ध्वनिचित्रफिती आहेत. त्या मोबाइलवर पाहिल्या जातात, शेतात काम करताना ऐकल्या जातात. कीर्तनकाराच्या समोर आता कॅमेरा असतो आणि शेजारी दिवे. टाळकऱ्यांची रांग मात्र अजून मागेच उभी असते आणि चरण मागून म्हणते.