जात्यावरील ओवी (मुळशी)

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात पहाटे दळण दळताना स्त्रियांनी रचलेली व गायिलेली मौखिक रचना. सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ (1129) या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे.

स्वरूप : जात्याशी बहुधा दोघी समोरासमोर बसत, एकीने ओवी म्हणायची, दुसरीने उचलायची. चालीला ‘गळा’ म्हणतात. जाते हा देव आणि सुखदुःखाचा सोबती मानून त्याच्याशी बोलले जाई. विषय : माहेर, भाऊ, सासुरवास, सीतेचा वनवास, विठ्ठल, शेतीचे कष्ट, दलित स्त्रियांच्या ओव्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

मनःस्वास्थ्य : घरात बोलता न येणारे दुःख जात्यापाशी सांगता येई. ते सीतेच्या नावे सांगितले की बोलणारीवर दोष येत नसे आणि समोरचीने ओवी उचलली की तिची साक्षही मिळे. कलेतील सहभाग मानसिक आरोग्याला उपकारक ठरू शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या अहवालात 3,000 हून अधिक अभ्यासांच्या आधारे नमूद आहे. ओवी हा मात्र उपचार नव्हे. तिने सोसण्याचे बळ दिले की सोसणेच अंगवळणी पाडले, याविषयी मतभेद संभवतात.

संकलन : या भागातील ओव्यांच्या समृद्ध नोंदी आहेत. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ यांनी 1980 च्या दशकात ‘गरीब डोंगरी संघटना’ या संघटनेच्या कामात मुळशी-मावळच्या डोंगरी गावांतील स्त्रियांशी संवाद साधला. अडचणी मांडताना स्त्रिया ओव्यांतून बोलत. त्या टिपण्यातून पुण्याच्या सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस या संस्थेचा संग्रह वाढला. आज त्यात महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतील एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. संगीत-संशोधक बर्नार्ड बेल यांनी 1990 च्या दशकात ध्वनिमुद्रणे केली. मुळशीतील नांदगाव व कोळवडे येथील गायिकांच्या ओव्याही संग्रहात आहेत. पॉइटवाँ 2004 मध्ये निवर्तले, राईरकर 2010 मध्ये निवर्तल्या. 2017 पासून ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर ओव्या भाषांतरांसह प्रसिद्ध होत आहेत.

सद्यःस्थिती : पिठाची गिरणी आल्यावर रोजचे दळण थांबले. लग्नघरी हळद दळताना जाते अजून मांडतात. ओवी तेवढ्यापुरती ऐकू येते.